सासूबाईंना पेलेल एवढीच पिशवी

वाचकाचे पत्र: चिपळूणच्या खालच्या अंगाला, वाशिष्ठीच्या काठावरच्या एका वाडीत आमचे कौलारू घर आहे. यजमान जहाजावर नोकरीला असल्यामुळे वर्षातले आठ महिने घरात मी, ७४ वर्षांचे सासरे, गुडघ्यांनी बेजार झालेल्या सासूबाई, सहावीतली मुलगी आणि अडीच वर्षांचा मुलगा एवढेच असतो. गोठ्यात गाय आणि वासरू आहे. सासऱ्यांना रोज दोन वेळा इन्सुलिन घ्यावे लागते. २०२१ च्या पुरात शेजाऱ्यांच्या स्लॅबवर चढून आम्ही वाचलो, पण कागदपत्रे, औषधे, कपडे सगळे गेले. या वर्षी मोबाइलवर आलेली यादी पाहून आपत्कालीन संच भरायला घेतला, तर तिच्यात ५२ वस्तू निघाल्या. त्यांतल्या कोणत्या खरोखर लागतात? भिजलेल्या कागदांची गत पुन्हा होऊ नये म्हणून काय करावे? सासरे म्हणतात, ‘मी घर सोडून कुठेही येणार नाही.’ त्यांचे काय करावे? आणि ही पिशवी घरात ठेवावी तरी कुठे?
— एक वाचक, चिपळूण तालुका

ताई,

तुमच्याकडे आलेली यादी मी पाहिलेली नाही, तरी तिच्यात पहिल्या दोन-तीन वस्तूंमध्ये पाणी असणार हे मी सांगू शकते, आणि तिथूनच सुरुवात करू. माणशी दिवसाला पिण्यापुरते ३ लिटर पाणी धरले, तर तुम्हा पाच जणांचे तीन दिवसांचे पाणी ४५ लिटर होते, म्हणजे ४५ किलो वजन. रात्री दोन वाजता, वीज गेलेली असताना, कडेवर अडीच वर्षांचे मूल घेऊन हे वजन तुमच्या घरातले कोण उचलणार आहे? यादी करणाऱ्याने हा प्रश्न स्वतःला विचारलेला नसतो. म्हणून ५२ वस्तूंतल्या कोणत्या ठेवाव्यात आणि कोणत्या गाळाव्यात हे ठरवण्याआधी सामानाचे दोन भाग करा. एक भाग अंगावर घेऊन निघण्याचा, आणि दुसरा घरातच माळ्यावर राहणारा, म्हणजे पाणी अंगणापर्यंत येऊन थांबले, रस्ते तुटले आणि चार दिवस घरातच काढावे लागले तर पुरणारा. याद्यांमध्ये या दोन्हींची सरमिसळ झालेली असते आणि त्यामुळे धड एकही भाग उपयोगाला येत नाही.

ही चूक मी स्वतः केलेली आहे. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्याला धडकले, तेव्हा आम्ही दापोली तालुक्यातल्या आमच्या घरी होतो. वादळाचा इशारा दोन दिवस आधीपासून होता आणि मी मोठ्या हौसेने एक भलीमोठी सूटकेस भरून ठेवली होती. चादरी, स्टीलचे डबे, कुकरसुद्धा. पडवीचे पत्रे उडू लागल्यावर शेजारच्या पक्क्या घरात पळायची वेळ आली, तेव्हा ती सूटकेस चिखलातून चाकांवर ओढता येईना आणि दोघांनी धरल्याशिवाय उचलता येईना. ती तशीच ओटीवर सोडून आम्ही निघालो. सासूबाईंच्या रक्तदाबाच्या गोळ्या तिच्या तळाशी, कुकरच्या खाली होत्या. वीज आमच्याकडे तीन आठवड्यांनी आली, त्यामुळे पुढे तिच्यातल्या पुष्कळ वस्तू कामाला आल्या हे खरे. पण त्या माळ्यावर असत्या तरी चालले असते, आणि गोळ्या मात्र अंगावर हव्या होत्या.

तेव्हा तुमच्या घरासाठी मी एक नव्हे, तीन पिशव्या सुचवेन. तुमच्या कडेवर मूल असणार आणि एक हात कठड्याला किंवा दोरीला लागणार, म्हणून तुमच्यासाठी दोन्ही खांद्यांवर अडकवायची पाठपिशवी, वजन पाच-सहा किलोंच्या वर नाही. मुलीसाठी तिचे जुने दप्तर, दोन-अडीच किलोंपर्यंत. सासूबाईंसाठी गळ्यातून तिरकी अडकवता येईल अशी लहान पिशवी, फार तर एक किलो. सासऱ्यांकडेही एक वस्तू द्यायची आहे, तिच्याबद्दल पुढे सांगते. पिशव्या भरून झाल्या की रेशन दुकानातल्या किंवा भंगारवाल्याच्या काट्यावर तोलून घ्या, आणि मग प्रत्येकाने आपापली पिशवी घेऊन घरापासून स्लॅबच्या घराच्या जिन्यापर्यंत एकदा चालून पाहा. मी हे आमच्या घरी केले, तेव्हा सासूबाईंनी जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर पिशवी खाली ठेवून त्यातली पाण्याची बाटली काढून माझ्या हातात दिली. एका बाटलीने काय फरक पडतो, असे मला तोवर वाटत होते.

सासूबाईंच्या त्या लहान पिशवीत औषधे ठेवावीत, कारण औषधे ज्यांची आहेत त्यांच्याच जवळ असावीत, आणि घाईत माणसे वेगळी झाली तरी सासू-सासरे सहसा एकत्र राहतात. दोघांच्या नेहमीच्या गोळ्या किमान सात दिवसांच्या, मूळ पाकिटांसह, झिपच्या प्लास्टिक पिशवीत ठेवा. सोबत डॉक्टरांच्या चिठ्ठीची झेरॉक्स, कारण छावणीतल्या डॉक्टरला ‘ती पांढरी लहान गोळी’ या वर्णनावरून काहीच कळत नाही. इन्सुलिनची काळजी वेगळी घ्यावी लागते. न उघडलेली कुपी फ्रिजमध्ये २ ते ८ अंशांत ठेवायची असते, पण वापरात असलेली कुपी किंवा पेन बहुतेक प्रकारांत साधारण चार आठवडे खोलीच्या तापमानाला, ३० अंशांच्या आत असेल तर टिकते. तुमच्या प्रकारासाठी नेमकी मुदत पाकिटावर लिहिलेली असते, ती वाचून घ्या. याचा अर्थ असा की वीज गेली म्हणून इन्सुलिन लगेच वाया जात नाही आणि त्यासाठी बर्फाच्या मागे धावण्याची गरज नसते. उलट बर्फाला चिकटून गोठलेले इन्सुलिन निकामी होते. चालू कुपी, सुया, साखर मोजण्याच्या पट्ट्या आणि लहान यंत्र हे सगळे झाकणाच्या एका डब्यात घालून तो डबा फ्रिजजवळच ठेवा आणि निघताना सासूबाईंच्या पिशवीत टाका, कारण हे रोज लागणारे सामान आधीपासून पिशवीत बांधून ठेवता येत नाही. घाईत ते विसरू नये म्हणून पिशवीच्या बंदाला एक चिठ्ठी अडकवून ठेवा: ‘इन्सुलिनचा डबा.’ जेवणाची वेळ चुकली आणि साखर एकदम उतरली तर तोंडात टाकायला थोडी साखर किंवा ग्लुकोजची पुडी त्याच पिशवीत हवी. शिवाय जुना चष्मा, आणि कवळी असेल तर तिची डबी.

मुलीच्या दप्तरात मुलांचे सामान राहू द्या: दोघांचा एकेक सुका जोड, धाकट्याचे लंगोट, ओआरएसची चार पाकिटे, बिस्किटे, एक पातळ चादर, आणि धाकट्याचे जे काही लाडके चिंधूक किंवा खेळणे असेल ते. शेवटच्या वस्तूला यादीवाले हसतील, पण शंभर माणसांच्या शाळेच्या खोलीत रात्रभर रडणारे मूल सांभाळणे काय असते हे त्यांना ठाऊक नसावे. दप्तराच्या बाहेरच्या कप्प्यात एक शिट्टी ठेवा. आवाज बसतो, शिट्टी वाजत राहते. थांबून थांबून तीनदा वाजवायची, हे मुलीला शिकवून ठेवा. दोन्ही मुलांच्या कपड्यांत नाव, वाडीचे नाव आणि दोन फोन नंबर पक्क्या शाईने लिहिलेला कपड्याचा तुकडा शिवून ठेवा.

आता तुमची स्वतःची पाठपिशवी. माणशी अर्धा लिटर पाणी, डोक्याला बांधायची बॅटरी आणि तिचे जादा सेल, पण सेल बॅटरीत घालून ठेवू नका, पावसाळी हवेत ते पाझरतात आणि ऐन वेळी बॅटरी गंजलेली निघते, पॉवरबँक आणि केबल, दहा-बारा मीटर नायलॉनची दोरी, एक कोयती किंवा धारदार सुरी म्यानात, सॅनिटरी पॅड, डेटॉल, कापूस, पट्टी, एक ताडपत्रीचा तुकडा, आणि मूठभर सुटे पैसे. निसर्ग वादळानंतर आमच्याकडे कित्येक दिवस ना वीज होती ना मोबाइलची रेंज, आणि फोनवरून पैसे देण्याची सवय झालेल्या माणसांकडे दुधापुरतेही रोख नव्हते. म्हणून दोन-तीन हजार रुपये, तेही १०, २०, ५० आणि १०० च्या नोटांत ठेवा. त्या दिवसांत पाचशेची मोड कोणाकडेच नसते. बटणांचा एखादा जुना साधा फोन घरात पडलेला असेल तर त्यात दुसऱ्या कंपनीचे सिम घालून तो पूर्ण चार्ज करून, बंद करून ठेवा. नंबर मात्र कागदावर लिहा. जिल्हा नियंत्रण कक्षासाठी १०७७, कोणत्याही आणीबाणीसाठी ११२, रुग्णवाहिकेसाठी १०८; आणि यजमान दूर असतात म्हणून जिल्हा नियंत्रण कक्षाचा पूर्ण लँडलाइन नंबर त्यांच्याकडेही लिहून ठेवलेला असावा, कारण बाहेरगावाहून लावलेला छोटा नंबर आपल्याच जिल्ह्यात लागेल याची खात्री नसते.

खाण्याच्या बाबतीत आपल्या कोकणातल्या बायकांना कोणी काही शिकवायला नको. आगोटीच्या दिवसांत, मृगापूर्वी, सुकी मासळी, मसाला, लाकूडफाटा, तांदूळ सगळे चार महिन्यांसाठी भरून ठेवणारी आपली घरे आहेत. ही पिशवी त्याच आगोटीचा एक भाग समजा, म्हणजे तिच्यासाठी वेगळी आठवण ठेवावी लागणार नाही. फक्त एक फरक लक्षात घ्या: आगोटीतले जवळजवळ सगळे सामान चुलीवर चढवल्याशिवाय खाता येत नाही. पिशवीत पाहिजे ते चुलीशिवाय आणि भांड्याशिवाय खाता येणारे. पोहे आणि गूळ यांच्याइतके चांगले मला दुसरे काही दिसत नाही. मूठभर पोहे ओंजळभर पाण्यात भिजवले की म्हाताऱ्या माणसालाही चावता येतात. शेंगदाणे, चणे, राजगिऱ्याचे लाडू चालतील. ओल्या नारळाचे काहीही नको, ते दुसऱ्या दिवशी खवट होते. सासऱ्यांचा मधुमेह पाहता त्यांच्यासाठी फुटाणे वेगळे बांधा.

उरलेले पाणी आणि शिधा माळ्यावर जाऊ द्या. पाच-पाच लिटरचे झाकणबंद कॅन बरे, वीस लिटरचा एक कॅन माळ्यावर चढवतानाच कंबर धरते. विहिरीत पुराचे पाणी शिरले तर ती शुद्ध होईपर्यंत तिचे पाणी पिऊ नये. पाणी शुद्ध करायच्या मेडीक्लोरची (क्लोरीनच्या द्रावाची) बाटली घरात असू द्या आणि तिच्यावर लिहिलेल्या प्रमाणानेच वापरा, नाहीतर पाणी गाळून, खळखळून उकळी आल्यावर आणखी मिनिटभर उकळू द्या. माळ्याविषयी एक शंका मात्र मनात आहे, ती लपवत नाही. २०२१ च्या २२ जुलैला चिपळुणात कित्येक ठिकाणी पाणी पहिल्या मजल्याला टेकले होते. कौलारू घराचा माळा हा सामान ठेवायला ठीक, माणसे ठेवायला नव्हे. वर चढून बसलात आणि पाणी वाढतच राहिले, तर कौले काढून बाहेर येण्याखेरीज वाट राहत नाही.

यादीत मेणबत्त्या आहेतच, असे गृहीत धरते. त्या काढून टाका. पुराच्या घरात सिलिंडर तरंगून उलटलेले असतात आणि गॅसचा वास ओल्या चिखलात चटकन कळत नाही. तंबू, घडीची खुर्ची, डबा फोडायचे यंत्र, पोर्टेबल शेगडी हेही गाळा. सर्पदंशावरची म्हणून जी पुडकी विकतात ती तर मुळीच नको. पुरात साप घरात येतात, ते खरे. पण दंशावर उपाय एकच, तो भाग न हलवता माणसाला सरकारी रुग्णालयात पोहोचवणे, कारण प्रतिसर्पविष तिथे मिळते.

कागदपत्रांबद्दल तुम्ही जे लिहिले आहे ते वाचून मला माझ्या मावसबहिणीचे चिपळुणातले घर आठवले. तिने सगळे कागद लॅमिनेट करून लाकडी कपाटाच्या खणात ठेवले होते. पाणी ओसरल्यावर खण उघडेना, लाकूड फुगले होते. तो फोडून काढला तेव्हा लॅमिनेशनच्या कडा सुटून आत पाणी शिरलेले होते आणि तेच पाणी प्लास्टिकमुळे बाहेर पडत नव्हते. शिक्के निळ्या डागांत विरघळले होते. तेव्हा लॅमिनेशनवर भरवसा ठेवू नका. मूळ कागद दोन झिपच्या पिशव्यांत, एकीत दुसरी घालून, हवा दाबून काढून बंद करा, आणि ती पिशवी फिरकीच्या झाकणाच्या रुंद तोंडाच्या प्लास्टिकच्या बरणीत ठेवा, जशी आपण लोणच्यासाठी वापरतो. ही बरणी घट्ट बंद असेल तर पाण्यावर तरंगते, बुडत नाही.

बरणीत काय असावे हे पुढे कशाची गरज पडते त्यावरून ठरवा. पाणी ओसरले की तलाठी आणि ग्रामसेवक पंचनाम्याला येतात, आणि मदत बँक खात्यात जमा होते. म्हणून आधार कार्डे, रेशन कार्ड, बँक पासबुकाचे पहिले पान, सातबारा आणि आठ-अ, घराचा ग्रामपंचायतीचा नमुना नंबर ८ (घराच्या नोंदीचा उतारा) आणि घरपट्टीची शेवटची पावती, विम्याची कागदपत्रे, मुलांचे जन्माचे दाखले. नमुना ८ लोक विसरतात. घर आजोबांच्या नावावर राहिले आहे आणि नुकसान नातसुनेचे झाले आहे अशी प्रकरणे आपल्याकडे घरोघरी आहेत. तुमचेही तसे असेल तर ते या उन्हाळ्यातच मार्गी लावा, पुरानंतर नव्हे. खरेदीखतासारख्या नोंदणी झालेल्या दस्ताची प्रमाणित नक्कल दुय्यम निबंधक कार्यालयातून मिळते, त्यामुळे त्याचे मूळ सुरक्षित जागी नातेवाइकांकडे ठेवून नक्कल जवळ बाळगली तरी चालते. आधारसारखे जे कागद डिजिलॉकरमध्ये थेट उपलब्ध होतात ते तिथे घ्याच, ते कायद्याने मूळ कागदाच्या बरोबरीचे मानले जातात. बाकीच्यांचे फोटो काढून यजमानांना आणि मुंबईतल्या एखाद्या नातेवाइकाला पाठवा. त्याच वेळी घराच्या प्रत्येक खोलीचा, गोठ्याचा, पंपाचा, फ्रिजचा एकेक फोटो काढून पाठवा. आधी घर कसे होते हे पंचनाम्याच्या वेळी तोंडी सांगण्यापेक्षा दाखवलेले बरे.

दागिन्यांविषयी तुम्ही विचारले नाही, पण बायका परत घरात शिरतात त्या बहुधा त्यासाठीच. अंगावरचे सोडून बाकी सोने जूनच्या आधी उंचावरच्या बँकेच्या लॉकरमध्ये किंवा माहेरी ठेवा. घरात नसलेल्या वस्तूसाठी कोणी माघारी फिरत नाही.

सासऱ्यांकडे आता वळू. ‘मी घर सोडणार नाही’ असे म्हणणाऱ्या वडीलधाऱ्यांशी पाणी दाराशी आल्यावर वाद घालणे म्हणजे त्यांच्या हट्टाला खतपाणी घालणे आहे. ते असे का म्हणतात हे आत्ता, मे महिन्याच्या एखाद्या निवांत संध्याकाळी विचारा. कधी गुरांची काळजी असते, कधी शौचाला दुसऱ्यांच्या घरी जाण्याचा संकोच, आणि आपल्याकडे पुष्कळदा देव. देव्हाऱ्यातले टाक पाण्यात सोडून जायचे ही कल्पनाच त्या पिढीला सहन होत नाही, आणि ते मला चुकीचे वाटत नाही. टाक असतात तरी केवढे. जुन्या सोवळ्याच्या तुकड्याची एक लहान थैली शिवून घ्या, नाडी गळ्यात अडकवता येईल अशी, आणि ती सासऱ्यांच्या हाती द्या. निघायची वेळ आली की देव उचलण्याची जबाबदारी त्यांची. जो माणूस सुनेच्या सांगण्यावरून उठत नाही तो देव घेऊन उठतो. शौचाचा संकोच असेल तर शेजाऱ्यांशी आधी बोलून ठेवा, आणि सासूबाईंच्या गुडघ्यांसाठी प्लास्टिकची कमोड खुर्ची त्यांच्याकडे पावसाळाभर ठेवायला दिली तर ते नाही म्हणणार नाहीत.

तरीही निघायचे कधी हे कोणी ठरवायचे, हा प्रश्न उरतोच. माझे मत स्पष्ट आहे: तो निर्णय त्या क्षणी कोणी घेऊ नये, तो आधी ठरलेला असावा. चिपळुणात वाशिष्ठीची इशारा पातळी ५ मीटर आणि धोका पातळी ७ मीटर धरली जाते, आणि पावसाळ्यात प्रशासन हे आकडे कळवत राहते. त्याखेरीज तुमच्या वाडीला तुमची स्वतःची खूण असेल, घाटाची एखादी पायरी, साकवाचा (ओढ्यावरच्या लहान पुलाचा) खांब, पारावरचा चिरा. सासऱ्यांनाच विचारा की गेल्या पन्नास वर्षांत पाणी तिथे पोहोचल्यावर किती वेळात अंगणात आले. हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक नाही, आणि एकदा त्यांनी खूण ठरवली की ती मोडणे त्यांनाच जड जाईल. भिंतीवरच्या दिनदर्शिकेत पावसाळ्यातल्या अमावास्या-पौर्णिमा आणि त्यांच्या पुढेमागे दोन-दोन दिवस लाल पेनने अधोरेखित करा. उधाणाच्या भरतीत खाडीचे पाणी नदीला समुद्रात उतरू देत नाही, आणि वरून सह्याद्रीचे पाणी येतच असते. २२ जुलै २०२१ हा दिवस गुरुपौर्णिमेच्या दोन दिवस आधीचा होता. निसर्ग वादळाचा ३ जून वटपौर्णिमेच्या दोन दिवस आधीचा. त्या दिवसांत भरती साधारण दुपारी आणि मध्यरात्रीच्या सुमारास असते, तेव्हा हवामान खात्याचा लाल इशारा, २४ तासांत २०० मिलिमीटरहून अधिक पावसाचा अंदाज आणि उधाण हे तिन्ही एकत्र आले की दिवेलागणीलाच, खुणेची वाट न पाहता, जेवणे उरकून स्लॅबच्या घरी झोपायला जावे. पाणी आले नाही तर सकाळी परत यावे. चार वेळा उगाच गेलो असे होईल, आणि लोक हसतील, हसू द्या.

निघताना घरात करायची कामे थोडी आहेत. मेन स्विच बंद करा, पण हात आणि पाय कोरडे असतानाच. पाण्यात उभे राहून स्विचला हात लावू नये. गॅसचा रेग्युलेटर काढून सिलिंडरला टोपी बसवा आणि तो खांबाला बांधा. फ्रिज दारापासून लांब असू द्या: मावसबहिणीकडे फ्रिज तरंगून स्वयंपाकघराच्या दारात आडवा झाला होता आणि बाहेरून दार ढकलता येईना. गाय आणि वासरू यांना सड्यावर, म्हणजे वरच्या कातळावर, नेण्याइतका वेळ असेल तर न्या. नसेल तर निदान दावी कापून त्यांना मोकळे करा, कोयती त्यासाठीच पिशवीत सांगितली आहे. बांधलेले जनावर गोठ्यातच बुडते, मोकळे जनावर बहुधा उंचवटा शोधते. वाहत्या पाण्यातून साकव ओलांडून जवळच्या वाटेने जाण्याचा मोह टाळा, गुडघाभर वाहते पाणीही मोठ्या माणसाला पाडते. आणि ज्या शाळेत किंवा समाजमंदिरात वाडीने जमायचे ठरले असेल त्याची किल्ली रात्री कोणाकडे असते, एवढे चौकशी करून ठेवा. ती शिपायाकडे असते आणि शिपाई पलीकडच्या वाडीत राहतो, असे मी एकाहून अधिक गावांत पाहिले आहे.

तुमचे घर डोंगराच्या कुशीत नाही, म्हणून दरडीबद्दल थोडकेच. तुमचे माहेर किंवा नातेवाईक डोंगरउताराखाली राहत असतील तर त्यांना मात्र सांगा की तिथे पिशवीचा उपयोग फार कमी असतो. २२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यातल्या तळिये गावात ऐंशीहून अधिक माणसे गेली, आणि १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातली इर्शाळवाडी गाडली गेली. तिथे कोणाला पिशवी उचलायला क्षणभरही मिळाला नाही. जमिनीला भेगा, झाडे आणि खांब कललेले, दारे-खिडक्या अचानक घट्ट बसणे, नेहमीच्या झऱ्याचे पाणी गढूळ होणे किंवा नव्या जागी पाणी फुटणे, यातले काहीही दिसले की रिकाम्या हाताने निघायचे.

पाणी ओसरून परत जाल तेव्हा चिखलात अनवाणी उतरू नका, विशेषतः पायाला भेगा किंवा जखम असेल तर. लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिसचा) ताप आपल्याकडे पुरानंतरच बळावतो. प्रतिबंधक गोळी कोणाला द्यायची आणि किती, हे आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांना ठरवू द्या. गमबूट माळ्यावर एक जोड ठेवा. घर धुण्याआधी फोटो काढायला विसरू नका, कारण स्वच्छ झालेल्या घराचा पंचनामा करणाऱ्याला नुकसान दिसत नाही.

पिशव्या वर्षातून तीनदा उघडून पाहाव्यात: आगोटीला, नारळी पौर्णिमेला आणि दिवाळीच्या सफाईत. दिवाळी मी मुद्दाम म्हणते, कारण पावसाळा संपला म्हणून समुद्र शांत झाला असे नसते. ‘फयान’ चक्रीवादळ ११ नोव्हेंबर २००९ रोजी किनाऱ्याला लागले होते. दर खेपेला पोहे, बिस्किटे आणि गोळ्या घरात वापरायला काढून नव्या भरा, मुलांच्या कपड्यांची मापे पाहा, पॉवरबँक चार्ज करा. तुळशीचे लग्न झाले की पुढच्या मेपर्यंत विसरलात तरी चालेल, औषधांची पिशवी सोडून.

राहिला शेवटचा प्रश्न, ठेवावी कुठे. माळ्यावर नको, शिडी लागते. कपाटात नको, किल्ली लागते. पलंगाखाली नको, पाणी सगळ्यात आधी तिथे येते. माजघरातून ओटीवर निघताना जे दार लागते त्याच्या मागे भिंतीत तीन खुंट्या ठोका आणि तिन्ही पिशव्या तिथे टांगा; बरणी तुमच्या पाठपिशवीत राहू द्या, देवाची थैली देव्हाऱ्यातच. खुंट्या मात्र तुमच्या उंचीने ठोकू नका. सासूबाईंना टाचा न उंचावता हात पोहोचला पाहिजे.